ग्रीक अक्षरांची घरं: छोट्या अमेरिकन विद्यापीठातली फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी

अमेरिकेतल्या विद्यापीठांना आता आपल्या वेबसाइटवर एक नवा अहवाल ठेवावा लागतो. नव्या सदस्यांचा छळ केल्याबद्दल कोणती विद्यार्थी संघटना दोषी ठरली, काय घडलं, शिक्षा काय झाली, हे त्यात संघटनेच्या नावानिशी लिहायचं असतं. २३ डिसेंबर २०२४ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने हे बंधनकारक झालं आणि पहिल्या अहवालांसाठी डिसेंबर २०२५ ची मुदत होती. या अहवालांत खेळाचे संघ असतात, बँडपथकं असतात, पण सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात ती ग्रीक अक्षरांची नावं. सिग्मा, डेल्टा, कप्पा, थीटा. मुलांना बारावीनंतर थेट तिकडे पाठवणारे आईवडील इथे अडखळतात. हे क्लब आहेत, वसतिगृहं आहेत की गुप्त मंडळं?

थोडं थोडं तिन्ही. आणि विद्यापीठ जितकं छोटं, तितकं हे प्रकरण समजून घेणं गरजेचं. चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात या घरांकडे ढुंकूनही न बघता चार वर्षं मजेत काढता येतात. दोन हजारांच्या विद्यापीठात ते सोपं नसतं.

## हे असतं तरी काय?

फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांची संघटना, सोरोरिटी म्हणजे मुलींची. दोन किंवा तीन ग्रीक अक्षरं मिळून तिचं नाव होतं, म्हणून या सगळ्या व्यवहाराला तिकडे ‘ग्रीक लाइफ’ म्हणतात. ग्रीस देशाशी त्याचा काही संबंध नाही.

प्रत्येक मोठ्या संघटनेचं एक राष्ट्रीय मुख्यालय असतं आणि वेगवेगळ्या विद्यापीठांत तिच्या शाखा असतात. शाखेचा अध्यक्ष, खजिनदार, नव्या सदस्यांची जबाबदारी घेणारा असे सगळे पदाधिकारी विद्यार्थीच. सदस्य दर सत्राला फी भरतात आणि तिचा एक भाग मुख्यालयाला जातो. बऱ्याच शाखांचं स्वतःचं घर असतं. तिथे वीस-पंचवीसपासून साठ-सत्तरपर्यंत मुलं किंवा मुली राहतात, स्वयंपाकाला माणूस असतो, आणि सोरोरिटीच्या घरात बहुधा एक वयाने मोठी बाई देखरेखीला राहते. हे घर पुष्कळदा विद्यापीठाच्या मालकीचं नसतं. माजी सदस्यांनी स्थापन केलेल्या एखाद्या कंपनीच्या नावावर ते असतं. ही मालकीची बाब लक्षात ठेवा, पुढे तिथेच पाणी मुरतं.

घरात शिरल्यावर भिंतींवर मोठाल्या चौकटी दिसतात. एका चौकटीत एका वर्षाच्या सगळ्या सदस्यांचे छोटे छोटे फोटो, खाली नावं, मध्ये संघटनेचं बोधचिन्ह. जिन्याने वर जाताना वर्षं मागे मागे जातात. कुणाचे वडील सापडतात, कुणाचे आजोबा. आपणही कशाचा तरी भाग झालो, हे अठरा वर्षांच्या मुलाला पटवायला या चौकटी पुरेशा असतात. त्याच भिंतीवर १९५० च्या आसपासच्या चौकटी पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी सगळे चेहरे गोरे दिसतील. अनेक राष्ट्रीय संघटनांच्या नियमांतच त्या काळी फक्त गोऱ्या ख्रिश्चनांना प्रवेश होता.

## सुरुवातच छोट्या गावांतून

पहिली ग्रीक अक्षरांची संघटना फाय बीटा कप्पा. ती १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. वादविवाद करणारं ते एक गुप्त मंडळ होतं. पुढे गुप्तता संपली आणि आज ती फक्त हुशार विद्यार्थ्यांना मिळणारी मानाची निवड आहे. आज ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतात तिचं मूळ न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात आहे. तिथे १८२५ ते १८२७ या काळात अशा तीन संघटना उभ्या राहिल्या. मग ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावच्या मायामी विद्यापीठात १८३९, १८४८ आणि १८५५ मध्ये आणखी तीन. इलिनॉयच्या मॉनमथ कॉलेजातून १८६७ आणि १८७० मध्ये मुलींच्या दोन मोठ्या संघटना निघाल्या.

हे सगळं छोट्या गावांतच का घडलं? त्या काळचं कॉलेज म्हणजे लॅटिन, ग्रीक, सक्तीची प्रार्थना आणि शिस्त. गावात करमणूक नाही, आणि विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची धड सोय नाही. मुलांनी स्वतःची मंडळं काढली, पुढे माजी सदस्यांच्या पैशातून घरं घेतली. वसतिगृह बांधायचा खर्च वाचतोय म्हटल्यावर कॉलेजांनीही ते चालू दिलं. शंभर वर्षांत परिस्थिती अशी झाली की विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याचा आणि जेवणाचा मोठा हिस्सा या घरांवर अवलंबून राहिला.

इंडियानातल्या ग्रीनकॅसल गावचं उदाहरण मी मुद्दाम घेणार आहे, कारण या विषयातली चांगली आणि वाईट दोन्ही टोकं तिथे भेटतात. गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास. तिथलं डीपॉ विद्यापीठ १८३७ चं, मेथडिस्ट पंथीयांनी काढलेलं. आज तिथे दोन हजारांच्या आत विद्यार्थी आहेत. १८६७ मध्ये तिथे पहिल्यांदा मुलींना प्रवेश मिळाला. त्या पहिल्या तुकडीतल्या बेटी लॉक हिला एका फ्रॅटर्निटीने आपला बिल्ला देऊ केला, पण सदस्यत्व नाही, नुसता शोभेपुरता. तिने तो नाकारला आणि तीन मैत्रिणींना घेऊन २७ जानेवारी १८७० रोजी कप्पा अल्फा थीटा ही संघटना काढली. बिल्ल्याची गोष्ट या संघटनेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वर्गातली मुलं टोमणे मारतात, शिक्षकांना मुली नकोशा वाटतात, अशा कॉलेजात चार मुलींनी एकमेकींच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं. सोरोरिटीच्या मुळाशी ही धमक आहे, आणि आजच्या सोशल मीडियावरच्या नट्ट्यापट्ट्याच्या व्हिडिओंमध्ये ती हरवते याचं मला वाईट वाटतं.

## आत जायचं कसं?

प्रवेशाच्या या काळाला ‘रश’ म्हणतात. मुलांच्या संघटनांचा रश बराचसा मोकळाढाकळा असतो: चार दिवस घरी जायचं, जेवायचं, गप्पा मारायच्या, पसंत पडलात तर निमंत्रण येतं. मुलींचा मात्र अतिशय नियमबद्ध. राष्ट्रीय पातळीवरच्या २६ सोरोरिटींचं १९०२ पासून एक महामंडळ आहे आणि त्याच्या नियमांनी सगळं चालतं.

आपल्याकडची अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थी पसंतीक्रम भरतो, कॉलेजच्या जागा ठरलेल्या असतात, फेऱ्या होतात, संगणक जुळणी करतो आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. सोरोरिटीची प्रक्रिया सांगाड्याने तशीच आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलगी सगळ्या घरांना भेट देते. रात्री घरं आपली यादी लावतात, मुली आपला क्रम लावतात, दुसऱ्या दिवशी कमी घरांची निमंत्रणं येतात. असं गाळत गाळत शेवटच्या संध्याकाळी एक-दोन घरं उरतात. मग मुलगी पसंतीक्रमावर सही करते, आणि ती सही बांधील असते. यादीतल्या ज्या घराशी जुळणी झाली तिथे तिने नकार दिला, तर सुमारे वर्षभर दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत जाता येत नाही. प्रत्येक घराच्या जागाही सारख्या ठरवलेल्या असतात. समजा शंभर मुली आणि पाच घरं, तर प्रत्येकी वीस. या जुळणीचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी सहकाऱ्यासोबत करून १९९१ मध्ये मांडला होता. अशाच जुळण्यांच्या संशोधनासाठी २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांना आढळलं की पुष्कळ मुली मुद्दाम एकाच घराचं नाव लिहितात, दुसरं लिहीतच नाहीत.

फरक एवढाच, आणि तो सगळ्यात मोठा: अकरावीला गुण असतात. इथे गुणपत्रिका नसते, छाप असते. दार उघडतं, आतल्या मुली एका सुरात गाणं म्हणत उभ्या असतात, एक जण नाव घेऊन स्वागत करते, हात धरून सोफ्यावर नेते. वीस-तीस मिनिटं बोलणं. मध्येच दुसरी येते, पहिली अलगद उठते. कोण कधी येणार हे आधीच ठरलेलं असतं. कुठल्या गावची, सुट्टीत काय केलंस, आवडता विषय कोणता. दार बंद झालं की आत चर्चा आणि मतदान. बाहेरच्या मुलीला दुसऱ्या दिवशी फक्त निकाल कळतो, कारण कधीच कळत नाही. अठराव्या वर्षी ‘तुझ्यात काय कमी होतं’ हे न सांगता नाकारलं जाणं कसं असतं, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

डीपॉसारख्या काही विद्यापीठांनी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी रश पहिल्या सत्रात न घेता दुसऱ्या सत्रात. तोवर मुलांचे आपापले मित्र झालेले असतात, पहिल्या परीक्षा झालेल्या असतात, आणि घरांविषयीच्या खऱ्या गोष्टी कानावर आलेल्या असतात.

## छोट्या विद्यापीठात गणित का बदलतं?

इथे लेखाचा मुख्य मुद्दा येतो. व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात पदवीचे दोन हजारांच्या आत विद्यार्थी आहेत आणि त्यातले साधारण तीन-चतुर्थांश फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत असतात. डीपॉमध्ये २००७ च्या सुमारास हे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात होतं. दहातले एक-दोन जण आत असतात तेव्हा तो छंद असतो. दहातले सात आत असतात तेव्हा ती त्या गावची समाजरचना असते. मग बाहेर राहणं ही निवड उरत नाही, ती ओळख होते. ‘तो कुठल्याच घरातला नाही’ असं त्याच्याविषयी बोललं जातं.

त्यात दारूच्या कायद्याची भर. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना भाग पाडलं आणि १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांत दारू विकत घेण्याचं किमान वय २१ झालं. कॉलेजातली मुलं १८ ते २२ वर्षांची. म्हणजे पहिल्या तीन वर्षांतल्या बहुतेकांना गावातल्या बारमध्ये जाता येत नाही आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात दारू पकडली जाते. उरतं काय? खासगी मालकीचं, मोठ्या बैठकीचं, एकवीस वर्षांचे दोन-चार सदस्य असलेलं फ्रॅटर्निटीचं घर. सोरोरिटींच्या घरांत त्यांच्या राष्ट्रीय मुख्यालयांच्या नियमांमुळे बहुधा दारूला बंदी. त्यामुळे पार्टी होते ती मुलांच्याच घरात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. दारू कोण ओतणार, दारात कोण उभं राहणार, कुणाला आत सोडायचं, दिवे किती मंद ठेवायचे, हे सगळं मुलं ठरवतात. मुली दुसऱ्याच्या घरात पाहुण्या असतात. शहरातल्या मोठ्या विद्यापीठात एखाद्या मुलीला एखादं घर धोक्याचं वाटलं तर शनिवारी रात्री जायला पन्नास जागा असतात. ग्रीनकॅसलसारख्या गावात नसतात. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींमध्ये फ्रॅटर्निटीच्या घरांचा उल्लेख वारंवार का येतो, याचं एक मोठं कारण या मांडणीत आहे. फक्त ‘मुलं बिघडलेली’ म्हणून ते सुटत नाही.

छोट्या जागेची दुसरी बाजूही आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. रशमध्ये ज्या मुलीने तुम्हाला नाकारलं तीच सोमवारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शेजारी उभी असते. तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्या मित्रांसोबत तीन वर्षं एकाच भोजनगृहात जेवायचं असतं. बाहेरच्यांना मुलं गप्प का बसतात ते कळत नाही. तिथे राहणाऱ्याला कळतं.

## डीपॉ, २००७

डेल्टा झीटा ही सोरोरिटी डीपॉमध्ये १९०९ पासून होती. २००६ पर्यंत तिचे सदस्य घटले होते आणि विद्यार्थ्यांमध्ये तिची प्रतिमा ‘अभ्यासू, सामाजिक वर्तुळात मागे’ अशी झाली होती. मुख्यालयातल्या पदाधिकारी आल्या, ३५ सदस्यांच्या मुलाखती घेतल्या. डिसेंबरात, परीक्षांच्या दिवसांत, २३ जणींना पत्रं गेली. त्यांना माजी सदस्य केलं होतं आणि जानेवारीअखेर घर सोडायचं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २००७ मध्ये ही बातमी छापली तेव्हा देशभर खळबळ उडाली. काढलेल्यांमध्ये वजनाने जास्त असलेली प्रत्येक मुलगी होती आणि शाखेतल्या एकमेव कृष्णवर्णीय, कोरियन आणि व्हिएतनामी सदस्यही होत्या. ठेवलेल्या बारा जणींपैकी सहा संतापून स्वतः बाहेर पडल्या.

मुख्यालयाचं म्हणणं असं की निकष दिसण्याचा नव्हता, नव्या सदस्य मिळवण्याच्या कामात कोण झटेल याचा होता. विद्यापीठाला ते पटलं नाही. मार्च २००७ मध्ये अध्यक्ष रॉबर्ट बॉटम्स यांनी डेल्टा झीटाशी संबंध तोडले.

मला या घटनेत सगळ्यात बोचते ती घराची बाब. या मुली नुसत्या मंडळातून गेल्या नाहीत, राहत्या जागेतून गेल्या. मैत्री, जेवण आणि छप्पर एकाच दोरीला बांधलं की दोरी कापणाऱ्याच्या हातात फार ताकद येते, आणि ती ताकद ग्रीनकॅसलबाहेरच्या मुख्यालयात होती. बेटी लॉकने ज्या गावात शोभेचा बिल्ला झिडकारला, त्याच गावात सव्वाशेहून जास्त वर्षांनी मुलींवर शोभेसाठी निवड झाल्याचा आरोप व्हावा, हे फार दुखतं.

## हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच ना?

जवळचं, पण तेच नाही. रॅगिंगमध्ये सीनियर ज्युनियरला त्रास देतो कारण तो ज्युनियर आहे, आणि ज्युनियरला त्यातून काही मिळायचं नसतं. हेझिंग म्हणजे संघटनेत घेण्यासाठी किंवा तिथे टिकण्यासाठी घातलेली धोक्याची किंवा अपमानाची अट. झोपू न देणं, खासगी नोकरासारखं राबवणं, आणि सर्वांत घातक म्हणजे एका बैठकीत अख्खी बाटली संपवायला लावणं. मुलगा स्वतःच्या पायाने चालत जातो, कारण पलीकडे त्याला हवी असलेली दोस्ती असते. म्हणून ‘त्याने स्वतःच मान्य केलं होतं’ हा बचाव इतकी वर्षं चालला.

नव्या केंद्रीय कायद्याने ही फट बुजवली आहे. त्यातल्या व्याख्येनुसार सहभागी होणाऱ्याची तयारी होती की नव्हती, याने फरक पडत नाही. आपल्याकडे महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद ठेवून. अमेरिकेत मात्र राज्याराज्यांत वेगवेगळे नियम होते आणि बदल एकेका मृत्यूनंतर आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात एका फ्रॅटर्निटीच्या घरात १९ वर्षांचा नवा सदस्य दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला. तो तळमळत असताना मदतीचा फोन लागायला बारा तासांच्या आसपास गेले. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने त्याच्या नावाने कायदा कडक केला. लुइझियानात, ओहायोत त्याच वाटेने कायदे आले.

बारा तास फोन का केला नाही? एक कारण म्हणजे बरेच जण एकवीसच्या आतले, पकडले जाण्याची भीती. म्हणून अनेक राज्यांत आणि विद्यापीठांत आता नियम आहे की मदत बोलावणाऱ्यावर दारू प्यायल्याबद्दल कारवाई होणार नाही. मुलाला निरोप देताना विमानतळावर शंभर सूचना दिल्या जातात. त्यात ही एक असावी.

## मग बंदच का करत नाहीत?

काहींनी केलं आहे, आणि ती जवळजवळ सगळी छोटी कॉलेजं आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजने १९६० च्या दशकात सुरुवात केली. मेनमधल्या बोडिनने १९९७ मध्ये निर्णय घेतला आणि २००० पर्यंत फ्रॅटर्निटी संपवल्या. घरं ताब्यात घेऊन तिथे कॉलेजची गृहं केली आणि पहिल्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या गृहाशी आपोआप जोडला. माझ्या मते बंदीपेक्षा हा दुसरा भाग महत्त्वाचा. ॲम्हर्स्ट कॉलेजने १९८४ मध्ये बंदी घातली, पण संघटना आवाराबाहेर तीस वर्षं चालूच राहिल्या. शेवटी २०१४ मध्ये त्यातही भाग घ्यायला मनाई करावी लागली.

फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजचा इतिहास तर वळणावळणाचा आहे. १९३३ मध्ये तिथल्या विद्यार्थिनींनी मत देऊन सोरोरिटीच बंद केल्या. त्या मोहिमेत पुढे होती मॉली यार्ड, जी नंतर अमेरिकेतल्या ‘नाऊ’ या मोठ्या स्त्रीसंघटनेची अध्यक्ष झाली. ज्यू मुलींना सोरोरिटीत नाकारलं जातं, हे तिला सहन झालं नाही. मुलांच्या दोन फ्रॅटर्निटी मात्र २०१९ पर्यंत टिकल्या. त्यांच्या जुन्या बैठकींचे टिपणवजा कागद बाहेर आले, त्यात बलात्काराविषयीचे विनोद होते. विद्यार्थ्यांनी एका घरात ठिय्या मांडला आणि काही दिवसांत दोन्ही संघटनांनी स्वतःच विसर्जित होत असल्याचं जाहीर केलं.

बाकीच्यांना जमत नाही याला कारणं आहेत. घरं त्यांच्या मालकीची नाहीत. देणग्या देणारे माजी विद्यार्थी याच घरांतून आलेले असतात आणि छोट्या विद्यापीठाचा गाडा बराचसा त्या देणग्यांवर चालतो. चारशे-पाचशे मुलांच्या राहण्याची पर्यायी सोय एका वर्षात उभी राहत नाही. शिक्षणात स्त्रीपुरुष भेदभावाला मनाई करणारा १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, पण १९७४ मध्ये सामाजिक फ्रॅटर्निटी-सोरोरिटींना सदस्यत्वाच्या बाबतीत त्यातून सूट मिळाली. त्यामुळे ‘फक्त मुलगे’ किंवा ‘फक्त मुली’ हे कायदेशीर आहे.

## पण फायदा होतोच ना?

होतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. युनियन कॉलेजच्या अर्थशास्त्रज्ञांनी ईशान्य अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची माहिती घेऊन २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रॅटर्निटीत गेल्याने सरासरी गुण ४ पैकी सुमारे ०.२५ ने घसरले, पण पुढचं उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढलं, असा त्यांचा अंदाज होता. एका कॉलेजचा, फक्त पुरुषांचा अभ्यास आहे. त्यावरून सगळीकडचा निष्कर्ष काढू नये. तरी दिशा ओळखीची आहे. नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेला माणूस त्याच घरातला निघाला की दार लवकर उघडतं. माझी अडचण अशी की ते दार नेमकं कुणासाठी बंद राहिलं, याचा हिशोब या ३६ टक्क्यांत नाही.

उत्पन्नाबाहेरही काही असतं. घरापासून दूर आलेल्या, आजारी पडलेल्या, परीक्षेत आपटलेल्या मुलीच्या खोलीवर गरम सूप घेऊन येणारी कुणीतरी असते. ज्यांना गोऱ्यांच्या घरांत जागाच नव्हती त्यांनी तर यातून केवढं उभं केलं. १९०६ मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा, १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा. कमला हॅरिस या अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्य. कृष्णवर्णीयांच्या अशा नऊ संघटनांमध्ये सदस्यत्व कॉलेजपुरतं नसतं, आयुष्यभर काम करायचं असतं.

## आपल्या मुलांचा संबंध कुठे येतो?

एमएससाठी जाणाऱ्यांचा जवळजवळ येत नाही. हा पदवीच्या मुलांचा खेळ आहे. मात्र एक गोंधळ नेहमी होतो. पहिल्या-दुसऱ्या सत्रात चांगले गुण पडले की टाऊ बीटा पाय किंवा फाय कप्पा फाय अशा नावाची ईमेल येते आणि घरी फोन जातो: ‘मला फ्रॅटर्निटीत बोलावलंय!’ तसं नसतं. त्या गुणवत्तेच्या मानाच्या संस्था आहेत. टाऊ बीटा पाय अभियांत्रिकीची, १८८५ ची. शुल्क भरायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, रेझ्युमेवर लिहायचं. तिथे घर नसतं, रश नसतो.

पदवीला जाणाऱ्यांचं आणि तिकडेच वाढलेल्या मराठी मुलांचं वेगळं. १९९० च्या दशकात दक्षिण आशियाई मुलांनी आपल्या संघटना काढल्या: १९९४ मध्ये बिंगहॅम्टनला आयोटा नू डेल्टा, १९९८ मध्ये ह्यूस्टनला मुलींची डेल्टा फाय ओमेगा. एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या भारतीय वस्तीच्या गावात वाढलेल्या मुलीला तिथे भांगडा, गरबा आणि मैत्रिणी मिळतात. पण आपल्यातल्याच आहेत म्हणून डोळे मिटून विश्वास टाकू नये. हेझिंगच्या तक्रारी या संघटनांविरुद्धही झालेल्या आहेत. शिवाय छोट्या विद्यापीठात त्यांच्या शाखा सहसा नसतात, कारण तेवढी मुलंच नसतात. तिथे आपल्या मुलापुढे जुनी, बहुतांशी गोऱ्यांची घरं किंवा बाहेर राहणं एवढेच दोन मार्ग उरतात.

म्हणून छोट्या विद्यापीठाला हो म्हणण्याआधी प्रवेश कार्यालयाला सरळ विचारा. किती टक्के विद्यार्थी ग्रीक आहेत? रश कोणत्या सत्रात होतो? घरांची मालकी कुणाची? या ग्रीक घरांत न राहणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी राहायची खोली आणि जेवण मिळतं का? शनिवारी रात्री विद्यापीठ स्वतः काय चालू ठेवतं? शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस घुटमळला तर ते उत्तर समजा. फी विचारताना फक्त सत्राची विचारू नका. कपडे, भेटवस्तू, सहली आणि पहिल्या वर्षाचं प्रवेशशुल्क मिळून आकडा बराच वर जातो.

आणि तो अहवाल उघडा. विद्यापीठाच्या नावासोबत ‘कॅम्पस हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट’ असं शोधलं की सापडतो. संघटनेचं नाव, घटनेची तारीख, चौकशी कधी सुरू झाली आणि कधी संपली, शिक्षा काय, हे त्यात असतं. विद्यार्थ्यांची नावं नसतात. तो वर्षातून दोनदा अद्ययावत करायचा आहे आणि जुन्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या आहेत. दोषी ठरलेल्या संघटनाच त्यात येतात, त्यामुळे कोरा अहवाल म्हणजे सगळं आलबेल असं नाही. तक्रार करायची कुणाची हिंमत झाली नसेल, असंही असू शकतं. एकाच संघटनेचं नाव दोन-तीनदा दिसलं, किंवा घटना आणि निकाल यांत वर्षभराचं अंतर दिसलं, तर ते कागदावर मांडून प्रवेश कार्यालयाला पाठवा आणि उत्तर लेखी मागा.